उत्तराबाईंची दिल्ली

यंदाचा अंक महाराष्ट्राबाहेर घडलेल्या मराठी कलावंतांचा आहे. त्यात पहिला मान उत्तरा बावकर यांचा.

दिल्लीच्या मंडी हाऊस चौकातून निघणाऱ्या कोपर्निकस मार्गावर कमानी सभागृह आहे, दूरदर्शन भवन आहे, जुनं महाराष्ट्र सदन आहे. चौकातच रवींद्र भवन. राष्ट्रीय नाट्य विद्यालय तेव्हा तिथेच भरे. इब्राहिम अल्काझींच्या करड्या शिस्तीत शिकून उत्तराबाई १९६८ साली तिथून बाहेर पडल्या आणि विद्यालयाच्या रंगमंडळात वर्षानुवर्षं हिंदी रंगभूमीवर वावरल्या. ‘तुघलक’मधली आई त्यांनी केली, ‘ऑथेल्लो’तली डेस्डेमोना केली. ‘मेना गुर्जरी’तली मेना आणि उमराव जान या तर गाण्यावाचून उभ्याच राहू न शकणाऱ्या भूमिका. गाणारी नटी म्हटलं की आपल्याला हिराबाई, ज्योत्स्नाबाई, जयमालाबाई आठवतात. त्यांच्या पंगतीत उत्तराबाईंचं पान आपण मांडलंच नाही. त्या हिंदीत उभ्या राहिल्या, एवढ्यावरून त्यांना परकं मानणं मला पटत नाही.

मराठीशी नातं त्यांनी तोडलं नव्हतं. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ त्यांनी १९७८ साली कुसुम कुमार यांच्या अनुवादातून हिंदीत दिग्दर्शित केलं. मुलं दूर गेलेल्या नाना-नानींचं घर दिल्लीकरांपुढे मांडणारी ही बाई तेव्हा ऐन तारुण्यात होती! त्यांच्या कारकिर्दीतलं हे काम मला सर्वांत मोलाचं वाटतं.

१९८४ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘तमस’ने १९८८ साली त्यांना दूरदर्शनवरून घरोघरी नेलं. मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये डॉ. श्रीराम लागूंचा प्राध्यापक पावसात घराबाहेर पडतो तो परततच नाही. मागे राहिलेल्या पत्नीच्या भूमिकेसाठी उत्तराबाईंना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. मराठी प्रेक्षकाला त्या नीट भेटल्या त्या १९९५च्या ‘दोघी’त, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्यामुळे. एप्रिल २०२३मध्ये पुण्यात त्या गेल्या.

चित्रपट पुन्हा पाहता येतात. नाटकं मात्र पाहणाऱ्यांच्या आठवणीतच उरतात, आणि ती माणसं आता थकली आहेत. दिल्लीत नोकरी केलेल्या आमच्या वाचकांपैकी कुणी ‘मेना गुर्जरी’ वा ‘संध्याछाया’ पाहिलं असेल, घरात एखादं पत्रक किंवा छायाचित्र असेल, तर आम्हाला जरूर लिहा. पुढच्या दिवाळी अंकाची पहिली पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.