पाणी की पानी?

शाळेत बोलावणं आलं की हल्ली मी भाषण करत नाही, मुलांचे प्रश्न घेतो. बहुतेक प्रश्न ठरलेले असतात. कथा सुचते कशी, कवीला नेमकं काय म्हणायचंय आणि लिहून घर चालतं का? (शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात आधी मास्तर हसतात.)

बेलपाड्याच्या आगरी घरातल्या एका नववीतल्या मुलीनं मात्र माझी पंचाईत केली. ''सर, आम्ही घरी पानी म्हणतो, डोला म्हणतो. गोष्टीत तसं लिहिलं तर चालेल?''

मी म्हणालो, ''आधी शुद्ध लिहायला शीक, मग बघू.'' ती निमूट खाली बसली.

घरी आलो तरी ते उत्तर टोचत होतं. बहिणाबाई चौधरींना कुणी असं सांगितलं असतं तर? त्यांना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, त्यांची गाणी टिपून ठेवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. खानदेशची बोली कुणी 'सुधारली' नाही, म्हणून ती गाणी राहिली. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली माणसं वऱ्हाडीत बोलतात. त्यांच्या तोंडी पुणेरी घातली तर कौतिक उरेल का?

बेलपाड्यात तर हा प्रश्न नुसता उच्चाराचा नाही. १९७० साली सिडको आली, नव्या मुंबईसाठी या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भातशेतीवर खारघरचे टॉवर उभे राहिले. खाजण, उघाडी, आगोट हे शब्द ज्या कामांना चिकटलेले होते ती कामंच आटली. खाजणाला 'दलदल' म्हटलं तर डासांची आठवण येते, चिंबोरीची नाही. हे शब्द उद्या कुठे सापडायचे, तर या मुलांच्या वह्यांत. तिथेच आपण लाल शाई घेऊन बसलेलो!

ऱ्हस्व-दीर्घ जरूर शिकवावं. पण चूक आणि बोली या दोन गोष्टी आहेत, एवढं तरी शिक्षकांनी (आणि पाहुण्या लेखकांनी) ओळखायला हवं.

दुसऱ्या खेपेला मी त्या मुलीला शोधून काढलं. माझं उत्तर चुकलं होतं, असं वर्गासमोरच सांगितलं. तिनं वही आणली. आजी उघाडीजवळच्या चिखलात निवटे पकडतेय, एवढीच गोष्ट. आजी आगरीत बोलते, बाकीचं सारं पुस्तकी मराठीत. वाचताना वर्गातली दोन-तीन मुलं आधी फिदीफिदी हसली, मग ऐकू लागली.

''अशीच राहू दे,'' मी म्हटलं.

''पण सर,'' ती म्हणाली, ''बोर्डाचा पेपर तपासणाऱ्या बाई साताऱ्याच्या असल्या तर?''

मी मास्तरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.