बर्न्सला आकाशानें शिकविलें काय?

शेतकरी, विणकर, सुतार, लोहार, चांभार, माळी अशा सर्व कष्टकरी बंधुभगिनींनो,

तुमचीं मुलें आतां शाळेंत इंग्रजी शिकतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या शाळेंतून एक हुकूम वरचेवर घरीं येतो, त्याकडे आज आम्ही तुमचें लक्ष वेधूं इच्छितों. हुकूम असा कीं, एक ब्रिटिश कवि घ्यावा, त्याच्या चरित्राचा व काव्याचा शोध करावा, आणि तो वर्गापुढें सादर करावा. ह्यास प्रोजेक्ट म्हणतात. हुकूम चांगला आहे. पण पुढें होतें काय? बाप दिवसभराच्या मजुरींतून रंगीत कागदाचे व छपाईचे पैसे देतो. पोरगा मोबाईलवर कवीचें नांव घालतो, पहिलें जें पान निघेल तें छापून आणतो, चित्र डिंकानें चिकटवितो, आणि वर्गांत उभा राहून न समजलेलीं वाक्यें धडाधड वाचतो. जन्म अमुक सालीं, मृत्यु तमुक सालीं, कवि थोर, निसर्गावर प्रेम फार. टाळ्या पडतात, वहींत गुण चढतात, आणि तो कागद पुढच्या पावसाळ्यापूर्वीं रद्दींत जातो.

ह्यांत शोध कोठें आहे? अर्थ न कळतां घोकंपट्टी करणारांस आमचे वाडवडील हंसत असत. आज आमचींच पोरें तें करूं लागलीं आहेत. त्या जुन्या लोकांचें निदान पाठांतर तरी होतें! आतां तेंहि उरलें नाहीं. यंत्रास प्रश्न टाकला कीं सबंध निबंध तयार मिळतो, आणि पोराच्या डोक्यांतून त्यांतलें एक अक्षरहि जात नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं सांगितलें होतें कीं, शिक्षणावर जो पैसा खर्च होतो तो रयतेच्या घामाचा आहे. तो आजहि आमच्याच घामाचा आहे. तेव्हां माल खरा मिळाला कीं खोटा, हें विचारण्याचा आम्हांस पुरा हक्क आहे.

येथें कांहीं शहाणे पुढें येऊन म्हणतील, "मग तो परका कवि हवाच कशाला? कुणब्याच्या पोरास त्याचा काय उपयोग?" ह्या शहाण्यांपासून सावध राहा! ह्यांचीं स्वतःचीं मुलें परदेशीं विद्यापीठांत जातात, आणि आमच्या मुलांस मात्र हे परक्या विद्येपासून जपूं पाहतात. सावित्रीबाई फुल्यांनीं १८५४ सालीं "काव्यफुले" छापलें, त्यांत शूद्रातिशूद्रांनीं इंग्रजी शिकावें असें स्वच्छ सांगितलें आहे. जोतीरावांनीं टॉमस पेन ह्या इंग्रजाचें "राइट्स ऑफ मॅन" वाचलें व त्यांतून बळ घेतलें. परक्या ग्रंथास आमचा विरोध नाहीं. आमचा विरोध नकलेस आहे.

खरा शोध केला तर काय हातीं लागतें, तें एका कवीवरून दाखवितों. रॉबर्ट बर्न्स हें नांव पुष्कळ मुलांच्या कागदावर येतें. मुलें त्यास "इंग्रज कवि" म्हणतात. पहिली चूक येथेंच. तो स्कॉटलंडचा, एअरशायरांतल्या ॲलोवे गांवचा. जन्म २५ जानेवारी १७५९. ज्या घरांत जन्मला तें मातीचें घर त्याच्या बापानें स्वतःच्या हातांनीं बांधलें होतें, आणि मूल थोड्याच दिवसांचें असतां वादळानें त्याची एक भिंत पडली. बाप विल्यम हा आधीं माळी व मागाहून दुसऱ्याची जमीन खंडानें कसणारा कूळ. १७६६ सालीं त्यानें माउंट ऑलिफंट नांवाची सत्तर एकर निकस जमीन घेतली. भला जमीनमालक वारला आणि खंडवसुली कारभाऱ्याच्या हातीं गेली. त्या कारभाऱ्याचीं धमकीचीं पत्रें आलीं कीं सबंध घर रडत असे, हें कवीनें स्वतः लिहून ठेविलें आहे. पंधरा वर्षांचा रॉबर्ट त्या शेतावरचा मुख्य गडी होता. कोंवळ्या वयांतल्या त्या ढोरमेहनतीनें त्याचें शरीर कायमचें खचलें, असें त्याचे चरित्रकार मानतात. पुढें लॉखली येथें दुसरी जमीन घेतली; तेथें मालकाशीं कज्जा लागला. १७८४ च्या जानेवारींत वरिष्ठ कोर्टानें बापाच्या बाजूनें निकाल दिला, पण तोंवर पैसा कोर्टांत संपला होता, आणि फेब्रुवारींत बाप मेला. खटला जिंकून घर बुडणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस दुसऱ्यानें समजावून द्यावयास नको!

कारागिरांसहि येथें ओळखीची खूण सांपडेल. १७८१ सालीं बर्न्स अर्व्हिन गांवीं जवसाचा वाख विंचरून साफ करण्याचा धंदा शिकावयास गेला. आमच्याकडे जवस तेलासाठीं पेरतात, तिकडे त्याच्या काडीपासून धागा काढून कापड विणीत. नववर्षाच्या धुंदींत त्या दुकानास आग लागली, आणि धंदा तेथेंच संपला.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. १७८६ च्या जुलै अखेरीस किल्मारनॉक येथें त्याचें पहिलें पुस्तक निघालें. प्रती ६१२, किंमत तीन शिलिंग. पुस्तक हातोहात खपलें व कवि एडिंबरो राजधानींत गेला. तेथील बड्या मंडळींचा लाडका टीकाकार हेन्री मॅकेंझी ह्यानें त्याच डिसेंबरांत त्याची तारीफ केली आणि तारीफ करतांना म्हटलें कीं, हा तर आकाशानें शिकविलेला नांगऱ्या आहे! हा शब्द मोठ्या प्रेमानें उच्चारला गेला, पण बंधूंनो, त्यांत विष आहे. बर्न्सला आकाशानें शिकविलेलें नाहीं. त्याच्या गरीब बापानें १७६५ सालीं शेजारच्या कांहीं घरांस बरोबर घेऊन, वर्गणी करून, जॉन मर्डॉक नांवाचा अठरा वर्षांचा मास्तर ठेविला. तो मास्तर पाळीपाळीनें ह्या घरांत जेवत असे. बाप रात्रीं दमून आल्यावर मुलांशीं पुस्तकांतल्या गोष्टी बोले. आई ॲग्नेस हिला लिहितां येत नव्हतें, पण जुनीं गाणीं तिच्या तोंडीं होतीं. मुलानें इंग्रजी ग्रंथ वाचले, फ्रेंचहि थोडें शिकून घेतलें. अर्धपोटीं राहून चार कुळांनीं उभारलेली ती शाळा मॅकेंझीच्या एका शब्दानें पुसून टाकली आणि सगळें श्रेय आभाळास दिलें.

असें कां करतात? कारण सोपें आहे. कुणब्याच्या घरीं विद्या मेहनतीनें येते असें कबूल केलें, तर सगळ्याच कुणब्यांस शाळा द्यावी लागेल. चमत्कार म्हटला कीं काम भागलें. एकास हार घालावा, बाकीच्यांस नांगरास जुंपावें. आमच्याकडेहि हीच तऱ्हा. तुकोबांच्या बुद्धीबद्दल बोलावयाचें तर विमानाची गोष्ट पुढें करतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचीं गाणीं त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं, तेव्हांपासून "लिहितां येत नसून एवढें!" असें आश्चर्य चाललें आहे. लिहितां येत नव्हतें ह्याचें आश्चर्य करतात. त्यांस कोणीं शिकविलें नाहीं ह्याची लाज कोणास वाटते काय?

भाषेचेंहि तसेंच. एडिंबरोच्या विद्वानांनीं बर्न्सला सल्ला दिला कीं, गांवठी स्कॉट बोली सोड, शुद्ध इंग्रजींत लिही. त्यानें सल्ला ऐकून घेतला, पण आपलीं सर्वोत्तम गाणीं बोलींतच केलीं. इतकेंच नव्हे, तर खेड्यापाड्यांतलीं जुनीं गाणीं गोळा करून, मोडलेलीं सांधून, जॉन्सनच्या संग्रहास सुमारें दोनशें गाणीं दिलीं व त्याबद्दल दाम घेतला नाहीं. ज्या शाळेंत आमच्या पोराच्या वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलण्यास हंसतात, त्याच शाळेंत ह्या कवीचें चित्र भिंतीवर लावतात. ह्याहून मोठें ढोंग तें कोणतें?

मग ह्या लाडक्या कवीचें पोट भरलें काय? हिशेब पाहा. पुस्तकाचा हक्क त्यानें क्रीच नांवाच्या पुस्तकविक्याला शंभर गिनीस विकला, आणि तो पैसाहि वेळेवर मिळाला नाहीं. एलिसलंडची शेती बसली. १७८९ पासून वर्षास पन्नास पौंडांवर जकातीची नोकरी केली, त्यासाठीं आठवड्यास दोनशें मैल घोड्यावरून रपेट. माणसाची किंमत पदवीवरून ठरवूं नये असें सांगणारें त्याचें प्रसिद्ध गीत १७९५ सालीं त्याचें नांव न घालतां छापावें लागलें, कारण राजद्रोहाच्या संशयावरून त्याच्या नोकरीची चौकशी आधींच होऊन गेली होती. तेंच गीत १९९९ सालीं स्कॉटलंडची पार्लमेंट उघडतांना भर सभेंत गायिलें गेलें. पण २१ जुलै १७९६ रोजीं सदतीसाव्या वर्षीं तो मेला, त्यापूर्वीं थोडेच दिवस कपड्याच्या उधारीसाठीं तुरुंग होईल ह्या धास्तीनें तो एकाकडे पांच व दुसऱ्याकडे दहा पौंड पत्रानें मागत होता. त्याची बायको जीन आर्मर त्याच्या नऊ मुलांची आई. तिनें त्याची दुसऱ्या बाईपासून झालेली मुलगीहि आपल्या घरीं वाढविली. त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशींच तिला शेवटचा मुलगा झाला. कवीच्या चरित्रांत ह्या बाईस दोन ओळी तरी मिळतात काय?

आणि एक कडू गोष्टहि मुलांपासून लपवूं नका. १७८६ सालीं, पुस्तक निघण्यापूर्वीं, हाच कवि जमेकाच्या ऊंसमळ्यावर हिशेबनीसाची नोकरी धरून निघणार होता. त्या मळ्यांवर आफ्रिकेंतून पकडून आणलेले गुलाम चाबकाखालीं राबत. पुस्तक खपलें म्हणून जाणें राहिलें. "माणसें सारीं भाऊ" असें गाणाराहि पोटाच्या पायीं चाबूकवाल्याचा कारकून व्हावयास तयार होता. जोतीरावांनीं १८७३ सालीं आपली "गुलामगिरी" अमेरिकेंतल्या गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केली. तें अर्पण वाचणाऱ्या घरांतल्या मुलानें हें पान गाळून चालणार नाहीं. एक मूर्ति फोडून दुसरी बसविणें हा आमचा धंदा नव्हे. जें चांगलें तें घ्यावें, जें वाईट तें नांव घेऊन सांगावें, ह्यासच शोध म्हणतात.

मास्तर म्हणतील, "वर्गांत साठ मुलें, अभ्यासक्रम संपवावयाचा, शिवाय निवडणुकीचीं व खानेसुमारीचीं कामें आमच्याच गळ्यांत." हें खरें आहे, आणि शिक्षकांवर लादलेल्या ह्या बिगारीविरुद्ध पालकांनींहि ओरडावें. पण आम्ही जें मागतों त्यास जादा वेळ लागत नाहीं. रंगीत कागद बंद करा. प्रत्येक मुलानें स्वतःच्या हातानें एकच पान लिहावें व चार प्रश्नांचीं उत्तरें द्यावींत: कवीचें पोट कशावर भरे? त्यास कोणीं शिकविलें? तो कोणाच्या भाषेंत लिही? तो कोणाबद्दल बोलला व कोणाबद्दल गप्प राहिला? मग पांच मिनिटें कागद खालीं ठेवून आपल्या शब्दांत सांगावें, इंग्रजी अडलें तर मराठींत. नक्कल करणारा पहिल्याच प्रश्नाला सांपडेल.

आणि बंधुभगिनींनो, तुम्हीहि अंग चोरूं नका. "आम्हांस इंग्रजी कोठें येतें?" असें म्हणून बाजूस बसूं नका. खंड थकला कीं घराची काय दशा होते, हें तुम्हांस मास्तरापेक्षां अधिक कळतें. मुलगी बर्न्सचें चरित्र घेऊन बसली कीं तिला विचारा, "त्या कुळाचा पट्टा किती वर्षांचा होता? कोर्टाचा खर्च कोणीं भरला? मुलाच्या आईनें कोणतीं गाणीं म्हटलीं?" मग तिला तिच्या आजीपाशीं बसवा. हेमा राईरकर व गी पोइटेव्हिन ह्या दोघांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. बर्न्सनें आपल्या देशांत केलें त्याच जातीचें तें काम. तुमच्या घरांतल्या दहा ओव्या तरी तुमच्या मुलीच्या वहींत उतरूं द्या. ज्या मुलीनें आजीच्या ओव्या उतरून घेतल्या, तिला परका कवि परका वाटणार नाहीं, आणि त्याला आकाशानें शिकविलें असें तिला कोणी सांगितलें तर ती भर वर्गांत उठून त्याच्या बापाचें नांव सांगेल.