प्रॉमिस केलंस ना? मग पोच दे!

‘करतो रे’, ‘बघून सांगतो’, ‘संध्याकाळपर्यंत पाठवतो’... बॉस, आपली अख्खी आयटी इंडस्ट्री या तीन वाक्यांवर चालते. गंमत म्हणजे आम्ही कोड लिहिणाऱ्यांनी या ‘करतो रे’लाही कोडमध्ये बसवलंय. त्याचं नाव प्रॉमिस. थांबा, पान उलटू नका! आजचा कॉलम बँकवाल्यांना, एचआरवाल्यांना आणि ॲडवाल्यांनाही कळेल. प्रॉमिस!

लाँड्रीचं घ्या. शर्ट टाकला की दुकानदार पावती फाडतो. एक नंबर शर्टाला, तोच नंबर तुमच्या हातात. मग तुम्ही काउंटरला टेकून इस्त्री बघत बसत नाही. भाजी आणता, एखादा सिनेमा टाकता आणि येताना पावती दाखवून शर्ट घेता. प्रोग्रॅमिंगमध्ये यालाच म्हणतात असिंक्रोनस. सी प्लस प्लस या कंपाइल होणाऱ्या भाषेत २०११च्या स्टँडर्डपासून ही पावतीची जोडी तयार मिळते. काम करणाऱ्याकडे असतं ते ‘प्रॉमिस’ आणि वाट बघणाऱ्याच्या हातात असतं ते ‘फ्युचर’. तिकडे प्रॉमिसमध्ये उत्तर भरलं की इकडे फ्युचरमधून ते काढून घ्यायचं. काढायच्या फंक्शनचं नाव ‘गेट’. नवी पोरं काय करतात, तर फ्युचर हातात पडल्या पडल्या पुढच्याच ओळीत ‘गेट’ मारतात. म्हणजे पावती घेतली आणि तिथेच काउंटरला टेकून उभे! मग असिंक्रोनसचा उपयोग काय?

एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण प्रॉमिस म्हणजे ‘नंतर देतो’ एवढंच नव्हे. दिलं नाही तर काय, हा त्याचा खरा भाग. आणि तो मला पुस्तकापेक्षा मोखाड्याच्या रस्त्यावर जास्त नीट कळला.

काही वर्षांपूर्वी थंडीत आमची गँग वीकेंडला जव्हारला गेली होती. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा, घरांच्या भिंतींवर वारली चित्रं... फोटोंसाठी एकदम झकास. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना चहाला थांबलो, तर टपरीच्या बाकावर एक ताई मांडीवर बँकेचं पासबुक घेऊन बसल्या होत्या. रोजगार हमीवर बांधबंदिस्तीचं काम केलेलं, पैसे जमा झाले का बघायला आल्या होत्या.

‘आले का, ताई?’

‘नाय. बुधवारी परत बघू.’

‘काम कधी झालं होतं?’

‘झाला की महिना.’

आमच्या भाषेत याला ‘पोलिंग’ म्हणतात. झालं का? आता झालं का? असं सारखं विचारत राहायचं. कोडमध्ये हे वाईट समजतात, कारण प्रोसेसरचा वेळ फुकट जातो. ताईंचं एसटीचं भाडं जात होतं आणि दिवसाचा रोज बुडत होता.

आता खरी गंमत ऐका. हे प्रॉमिस कायद्यात अगदी नीट लिहिलेलं होतं. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७चा. कल्पना वि. स. पागे यांची. पुढे २००५ साली संसदेनं देशभरासाठी कायदा केला. काम मागितलं की तारीख घातलेली पोच मिळायला हवी. १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता. काम झाल्यावर १५ दिवसांत मजुरी. उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून रोज शेकडा ०.०५ भरपाई, म्हणजे १००० रुपयांवर दिवसाला ५० पैसे. रक्कम किरकोळ आहे, मान्य. पण रचना बघा! हातात फ्युचर, त्यावर टाइमआउट आणि वचन मोडलं तर काय होईल हेही आधीच लिहिलेलं. चांगल्या प्रोग्रॅमरनं लिहावं तसं.

सी प्लस प्लसमध्ये असंच आहे. ‘गेट’ करून जन्मभर ताटकळायचं नसेल तर ‘वेट फॉर’ वापरा. इतका वेळ थांब, नाही आलं तर मला सांग. आणि काम करणारा उत्तर न भरताच गायब झाला, म्हणजे प्रॉमिस रिकामंच नष्ट झालं, तर फ्युचरवाल्याला चक्क ‘ब्रोकन प्रॉमिस’ नावाची एरर मिळते. वचन मोडल्याची लेखी खबर! पण कंपायलरच्या भरवशावर राहू नका हं. तो प्रॉमिसमध्ये पूर्णांक येणार की मजकूर, एवढं तपासतो. वचन पाळलं जाईल का, हे तो नाही सांगू शकत. ते प्रोग्रॅम चालायला लागल्यावरच कळतं. कायद्याचंही तसंच.

मग ताईंचं घोडं अडलं कुठे? हजेरीपट बंद होतो, मग कामाचं मोजमाप, मग कॉम्प्युटरवर नोंद, मग पैसे पाठवण्याचा आदेश, त्यावर सह्या आणि शेवटी बँक. म्हणजे एका प्रॉमिसच्या पोटात पाच-सहा प्रॉमिसं. आम्हीही अशा साखळ्या जोडतो. सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड फ्युचरला ती सोय नाही, त्यासाठी बूस्ट किंवा फॉलीसारखी लायब्ररी घ्यावी लागते. तिथला नियम साधा आहे. मधली कडी तुटली तर ती एरर शेवटपर्यंत पोचली पाहिजे आणि साखळी पूर्ण झाली असं शेवटच्या कडीनंतरच म्हणायचं. इथे मात्र आदेशावर सह्या झाल्या की उशिराचं मीटर थांबायचं. त्यानंतर पैसे वरच्या पातळीवर कितीही दिवस रखडले तरी ते भरपाईत धरत नव्हते. २०१८ साली स्वराज अभियानाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे चालणार नाही म्हणून बजावलं. मजुराला १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, दिरंगाई कोणत्या ऑफिसात झाली हे तुमचं तुम्ही बघा. याहून स्वच्छ कोड रिव्ह्यू मी वाचलेला नाही.

आणि हे नुसतं तात्त्विक नाही, यार. जव्हार-मोखाड्यात भात, नागली, वरईचा हंगाम संपला की दिवाळीनंतर घरंच्या घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथला मालक किंवा मुकादम आधीच उचल देतो. रोख, हातात, आज! मग ती फेडण्यासाठी पावसाळ्यापर्यंत अख्खं कुटुंब विटा पाडतं आणि पोरांची शाळा मागे राहते. एकीकडे गावातलं काम आणि कधी येतील कुणास ठाऊक असे पैसे, दुसरीकडे हातात पडलेली उचल. तुम्ही काय निवडाल? वेळेवर न पाळलेलं प्रॉमिस माणसाला सरळ दुसऱ्याच्या दारात नेऊन उभं करतं.

डिसेंबर २०२५मध्ये संसदेनं जुन्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला. आधी १०० दिवस होते. आकडा वाढला, छान. पण प्रॉमिसमध्ये किती मोठी रक्कम मावते यापेक्षा ती कधी भरली जाते आणि नाही भरली तर कुणाला कळतं, मी तरी तेच बघणार.

जाता जाता एक किस्सा. १९८८ साली एमआयटीच्या बार्बरा लिस्कोव्ह आणि लिउबा श्रीरा यांनी आर्गस या भाषेसाठी प्रॉमिसवर एक पेपर लिहिला. त्यात प्रॉमिसमधून उत्तर काढून घेण्याला त्यांनी ‘गेट’ नाही म्हटलं. शब्द वापरला ‘क्लेम’. हक्क सांगणं! आणि क्लेम केल्यावर एकतर उत्तर मिळणार, नाहीतर काय चुकलं ते. तिसरं काही नाही.

तेव्हा सोमवारी कुणी ‘करतो रे’ म्हणालं, की गोड हसून तीनच गोष्टी विचारा. कधीपर्यंत? नाही जमलं तर कधी सांगशील? आणि पोच कुठाय?