तारीख पाळा, काम मागे घ्या

ओपन सोर्स प्रकल्पात नव्या आवृत्तीची तारीख जवळ आली आणि एखादे मोठे काम अर्धवट असले, की दोन सल्ले हमखास मिळतात. एक : तारीख पुढे ढकला. दुसरा : आहे तसे जाऊ द्या, नंतर दुरुस्त करू. देणाऱ्यांची कळकळ खरी असते. सल्ले मात्र दोन्ही चुकीचे आहेत.

पहिला पक्ष विचारतो, इथे मालक नाही, गिऱ्हाइकाशी करार नाही, मग कॅलेंडरची गुलामी कशाला? याचे उत्तर डेबियन या लिनक्स वितरणाच्या इतिहासात आहे. त्यांची ३.० आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली, ३.१ साठी जून २००५ उजाडले. तारीख हलते असे एकदा दिसले, की जो तो आपलेही काम आत बसवू पाहतो. नव्या कामाबरोबर नव्या चुका येतात, तारीख आणखी सरकते आणि ज्यांनी वेळेत काम संपवले तेच खोळंबतात.

दुसऱ्या पक्षाने केडीई या डेस्कटॉपची ४.० आवृत्ती आठवावी. जानेवारी २००८ मध्ये ती आली. ही आवृत्ती म्हणजे पुढच्या कामाचा पाया आहे, असे प्रकल्पातली मंडळी सांगत होती. पण लोक खुलासे वाचत नाहीत, आवृत्तीचा क्रमांक वाचतात. रोजच्या कामासाठी ती घेणारे वैतागले; पुढे खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्सनी केडीई सोडल्याचे जाहीरपणे सांगितले. डेटाबेसमध्ये तर हा जुगार अधिक महाग पडतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रकल्प आपली प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षे सांभाळतो. घाईत दिलेली सोय लोकांच्या क्वेरींमध्ये एकदा रुजली, की ती काढणेही अवघड आणि निस्तरणेही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : फुकट राबणाऱ्याचे काम ऐनवेळी काढले तर तो पुन्हा येईल का? तो दुखावतो, हे खरेच. पण काम काढले म्हणजे संपले, हे खरे नाही. पोस्टग्रेस ११ साठी एप्रिल २०१८ मध्ये घेतलेली ‘मर्ज’ ही आज्ञा त्याच महिन्यात मागे घेतली गेली. २०२२ मध्ये १५व्या आवृत्तीत ती नव्या बांधणीने आली. त्याच १५व्या आवृत्तीतून एसक्यूएल-जेसनचे, म्हणजे क्वेरींतून जेसन डेटा हाताळण्याच्या सोयींचे, मोठे काम बीटा चाचण्या चालू असताना, रिलीज तोंडावर असताना काढावे लागले. चुकीचा डेटा आला तरी क्वेरी कोसळू नये, यासाठी योजलेली पद्धत जाणकारांना धोक्याची वाटली. मग चुका सौम्यपणे हाताळणारी यंत्रणा आधी उभी राहिली. कामाचा काही भाग २०२३ मध्ये १६व्या आणि ‘जेसन टेबल’सह मोठा भाग २०२४ मध्ये १७व्या आवृत्तीत आला. आवृत्ती दर वर्षी येते हे ठाऊक असल्यामुळेच हे थांबणे सुसह्य झाले. तारीख पक्की नसती, तर मागे घेतलेले काम बेवारस झाले असते.

अर्थात मागे घेण्यालाही शिस्त हवी. कोणते काम कधीपर्यंत पूर्ण हवे, हे फीचर फ्रीजच्या, म्हणजे नवी कामे घेणे थांबवण्याच्या टप्प्याच्या, आधीच जाहीर असावे. कोणाच्या ओळखीवर ते बदलू नये. काढताना उणिवा तांत्रिक भाषेत, नेमक्या लिहून ठेवाव्यात, म्हणजे दुसऱ्यालाही काम उचलता येईल. अजस्र पॅचचे स्वतंत्रपणे तपासता येतील असे तुकडे करावेत आणि तयार तुकडे ठेवून घ्यावेत. फ्रीजआधीच्या शेवटच्या आठवड्यात नवे काही घेऊच नये. सर्वांत महत्त्वाचे, पुढच्या फेरीत मागे घेतलेल्या कामाचे परीक्षण करायला कोणीतरी आधीच नाव द्यावे. स्वयंसेवक दुरावतो तो बहुधा नकारामुळे नव्हे, नकारानंतरच्या मौनामुळे.

म्हणून प्रकल्प चालवणाऱ्यांना सांगणे एवढेच : अपुरे काम निःसंकोच काढा, पण ते करणाऱ्याला पुढची तारीख आणि सोबती देऊन काढा. एवढे जमत नसेल, तर त्या प्रकल्पाने मोठी कामे स्वीकारूच नयेत.