रंगाआधी अस्तर

तारकर्लीच्या समुद्रात भुर्रकन पळणारी वॉटर स्कूटर पाहिलीत का? खारं पाणी आणि ऊन खाऊन जुन्या स्कूटरचा रंग उडतो. मग काय, आणला डबा आणि फासला रंग? छे!

तिचं अंग बहुधा फायबरग्लासचं, काही भाग ॲल्युमिनियमचे, काही प्लॅस्टिकचे, मुठी रबराच्या. प्रत्येकाची तऱ्हा निराळी! आधी सगळं गोड्या पाण्याने आणि साबणाने धुऊन तेलकटपणा घालवायचा. फायबरला पॉलिश पेपरने घासायचं. खरखरीत झालं की रंग पकड धरतो. ॲल्युमिनियमवर हवेमुळे पातळ थर चढतो, म्हणून त्याला खास प्रायमर. पॉलिप्रॉपिलीनसारख्या गुळगुळीत प्लॅस्टिकला आणखी वेगळं अस्तर. रबर वाकतं, त्यावरचा रंग तडकतो. म्हणून ते झाकूनच ठेवायचं. आणि धोक्याच्या सूचनांवर रंग मुळीच नको! त्या वाचूनच कुणाचा तरी जीव वाचतो.

फायबरची धूळ आणि थिनरची वाफ छातीला बाधते. तेव्हा हे काम मोठ्यांचं, तेही मास्क लावून.

आपल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात तैलचित्रं पाहताना आठवा, कॅनव्हासलाही रंगाआधी अस्तर द्यावं लागतं.

आता तुमचा प्रयोग. आईबाबांना सोबत घेऊन अंगणात बसा. पत्र्याच्या डब्याचं जुनं झाकण घ्या. अर्धा भाग धुऊन, घासून, पुसून घ्या. उरलेल्या भागावर तेलाचं बोट फिरवा. दोन्हीकडे ऑइलपेंट लावा. तीन दिवसांनी चिकटपट्टी दाबून झटकन ओढा. कोणता रंग निघाला? का? वहीत लिहून ठेवा!