सबवूफर तुमचा, भिंत शेजाऱ्याचीही

साताऱ्या-सांगलीत मिरवणुकीतल्या ‘डॉल्बी’वर आपण चिडतो. पण घरच्या छोट्या स्पीकरना सबवूफर जोडला, की तोच दणका शेजारी पोहोचतो. खर्जातला आवाज भिंतीतून सहज पार होतो आणि पलीकडच्या आजारी माणसाची झोप मोडते. आपल्या कानाला मात्र तो कमी जाणवतो, म्हणून आपण आवाज वाढवत राहतो.

माझ्या मते सबवूफर वेगळा ऐकू येऊच नये. गाणं फक्त भरदार वाटावं. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. कोपऱ्यात दणका वाढतो, तिथे तो ठेवू नका. रात्री १० नंतर बंदच करा.

सर्वसाधारणपणे ८५ डेसिबल आवाज ८ तास, तर १०० डेसिबल जेमतेम १५ मिनिटं कानाला झेपतो. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या, की परत येत नाहीत. कानात शीळ वाजत राहिली, तर वेळ न घालवता तपासून घ्या.