वही हाच माझा संगणक

बारावीला मी संगणकशास्त्र घेतले तेव्हा घरात संगणक नव्हता. एकच मोबाइल, तोही भावाकडे. कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून एक तास मिळायचा आणि एका संगणकावर आम्ही तिघी बसायचो. शिकवणीची फी अब्बांना सांगायची हिंमत झाली नाही. उरले पाठ्यपुस्तक आणि दोनशे पानी वही.

सुरुवातीला मी सी प्लस प्लसचे प्रोग्रॅम चक्क पाठ केले. चाचणीत सर्वांत मोठ्या संख्येऐवजी सर्वांत लहान संख्या शोधायला सांगितली आणि मी अडकले. बदल फक्त एका चिन्हाचा होता!

मग मी वहीत रकाने आखले. प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना. प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचायची आणि किंमत बदलेल तशी लिहीत जायची. यालाच ड्राय रन म्हणतात. बबल सॉर्टला ५ संख्या घेतल्या की पहिल्या फेरीत ४ तुलना होतात आणि सर्वांत मोठी संख्या शेवटी जाते. पुढच्या फेऱ्यांत ३, २, १. एकूण १०. हे चार-पाच वेळा हाताने केले की पाठांतराची गरज उरत नाही. लॅबचा तास मी पडताळणीसाठी राखून ठेवला. उत्तर चुकले की वहीत मागे जाऊन नेमकी ओळ शोधायची. लेखी परीक्षेत चूक दाखवायला कंपायलर नसतो, तिथे हीच सवय कामी आली.

आपल्या कार्यक्रमांत अल्-ख्वारिझ्मींचे नाव अभिमानाने घेतले जाते. नवव्या शतकातल्या बगदादच्या या विद्वानाने भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला. लॅटिनमध्ये गेलेल्या त्यांच्या नावावरूनच ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. अभिमान जरूर बाळगा. पण वारसा सांगायचा तर निदान एक अल्गोरिदम स्वतःच्या हाताने कागदावर चालवून पाहा.

बारावी झालेल्या मित्रमैत्रिणींनो, जुन्या वह्या रद्दीत घालू नका. मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीला आठवड्यातून एक तास द्या. आणि भावांनो, परीक्षा होईपर्यंत संध्याकाळी मोबाइल बहिणीच्या हातात द्या. मला तो मागायलाच सहा महिने लागले होते.